अर्ध्या ओटीवरून उठले

ते यंत्र आमच्या घरात आलं तेव्हा मला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. पोट माझं, पोटातलं बाळ माझं. पण बाळाच्या काळजाचे ठोके घरबसल्या ऐकवणारं यंत्र ऑनलाइन मागवलं नवऱ्यानं, पार्सल फोडलं सासूबाईंनी, आणि फोडतानाचा व्हिडिओ काढून रामटेकला माझ्या नणंदेकडे पाठवला शेजारच्या काकूंनी. मी आत वांगी चिरत होते. मला हाक मारली ती सगळ्यात शेवटी, आणि तीही जरा पलंगावर आडवी हो, एवढं सांगायला.

नवऱ्याची बाजू आधी सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात आम्ही नेहमीच्या तपासणीला गेलो, येताना कोणती भाजी घ्यायची ते बोलत गेलो, आणि सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघता बघता डॉक्टर बाई बोलायच्या थांबल्या. ठोका नव्हता. तो कधी थांबला ते कुणालाच सांगता आलं नाही. नवरा तेव्हा माझ्या उशाशी उभा होता. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली, की आपल्याला वेळेवर कळलं नाही आणि या खेपेला ते कळलंच पाहिजे. हे बाळ जाऊ द्यायचं नाही, यावर आमच्यात कधी वाद नव्हता. वाद झाला तो कशावरून कळतं, यावर.

त्याचं हुडकेश्वर रोडला कूलर आणि मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल लागला की नागपुरात कूलरवाल्याची किंमत डॉक्टरच्या खालोखाल असते, आणि हा तर स्वतःला डॉक्टरच समजतो. रस्त्यानं जाताना कुणाच्या खिडकीतल्या कूलरचा आवाज कानावर पडला की गाडी हळू करून सांगणार, याचं बेअरिंग गेलं, त्याच्या पंख्याची पाती घासते. बहुतेक वेळा खरं निघतं. त्यामुळे आवाजावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. मी सुरुवातीला नाही म्हटलं तेव्हा तो चिडला नाही, उलट हळूच म्हणाला, “तुले आतून समजते. मले काय समजते? मी काय करू, नुसता पाहत बसू?”

बाप बिचारा बाहेरच असतो, हे खरंच आहे. म्हणून मी आडवी झाले.

आणि पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला तेव्हा मी रडले, खोटं कशाला सांगू. बेंबीच्या खाली गार जेल लावून तो दांडा सरकवत होता, आधी नुसती खरखर, आणि मग एकदम घोडा दौडत आल्यासारखा तो ठोका. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा जमिनीवर गुडघे टेकून बसला होता, तो तसाच बसून राहिला. तेवढा एक दिवस मी त्या यंत्राला आजही नावं ठेवत नाही.

पण मग ते रोजचं झालं. संध्याकाळी दुकान बंद करून आला की हातपाय धुवायच्या आधी यंत्र. जेवणाआधी आरती असावी तसा तो कार्यक्रम बसला. शेजारच्या काकू यायच्या, त्यांची गरोदर सून यायची, एकदा तर कूलर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बाहेरच्या खोलीतून ऐकून गेलं. यंत्राला छोटा पडदा होता, त्यावर आकडा दिसायचा, आणि त्या आकड्यावरून आमच्या घरात ज्योतिष सुरू झालं. ठोके भरभर पडतात म्हणजे मुलगी, असं काकूंनी जाहीर केलं. हळू पडले तर मुलगा. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर जे विचारायलाही बंदी आहे ते आमच्या पलंगावर रोज चर्चेला होतं. एक दिवस भरभर, एक दिवस त्याहून भरभर, आणि काकूंचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत चाललेला. मी पोट झाकून उठले तर म्हणायच्या, थांब वं, नीट ऐकू तं दे.

कधी कधी ठोका सापडायचा नाही. बाळ वळलेलं असायचं, किंवा दांडा तिरपा धरला जायचा, देव जाणे. तेवढा वेळ मात्र घराचा श्वास अडकायचा. नवऱ्याच्या कपाळावरून घामाचे थेंब माझ्या पोटावर पडायचे. मी छताकडे बघत पडून राहायची, आणि आत बाळ चांगलं ढुशी मारत असायचं. मी सांगायची, अरे हलतंय, आत्ता हललं. तर तो म्हणायचा, थांब, बोलू नको, आवाज बिघडते.

तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हणतेय हलतंय, आणि माझं बोलणं म्हणजे आवाजातली खरखर. जिच्या पोटात बाळ आहे तिलाच गप्प बसवायचं, आणि डब्याला विचारायचं की बाळ कसं आहे. आठवडेच्या आठवडे त्या घरात एकाही माणसानं मला साधं विचारलं नाही, की बाई, हलतं का.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर बाईंना सरळ विचारलं, नवऱ्यासमोर, मुद्दाम. त्यांनी डोक्याला हात लावला नाही की रागावल्या नाहीत. ते यंत्र कपाटात ठेवून द्या म्हणाल्या. ठोका लागला म्हणजे बाळ ठीक आहे असं नसतं, आणि घरी लावणाऱ्याला पुष्कळदा आईच्याच रक्ताचा आवाज सापडतो, लोक तोच बाळाचा समजून निवांत बसतात. बाळाची हालचाल ओळखायची, आणि ती कमी वाटली तर यंत्र लावून बघत बसायचं नाही, सगळं टाकून सरळ इकडे यायचं. नवरा मान हलवत होता. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला.

कसला मिटतोय. गाडी रिंग रोडला लागायच्या आत साहेब म्हणाले, डॉक्टर तर असंच सांगतील, आपण घरीच ऐकायला लागलो तर त्यांच्याकडे कोण जाईल. घरी आल्यावर सासूबाईंचंही तेच. त्यांचं म्हणणं, देवाच्या दयेनं रोज गोड आवाज कानावर पडतो, तो बंद करून काय मिळवायचं. काकू म्हणाल्या, जास्त शिकलेल्या पोरींचं असंच असतं. मी बारावीनंतर डी.एड. केलंय आणि खासगी शाळेत चौथीला शिकवते. हुडकेश्वरात एवढं शिक्षण जास्त होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी ते यंत्र, त्याची जेलची बाटली आणि वायर असं सगळं गुंडाळलं, माझ्या लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. यापुढे माझ्या पोटाला कुणी हात लावायचा तर मला विचारून लावायचा, असं सांगितलं. सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मीठ कुठं ठेवलंय ते त्यांना सापडेना, तेव्हा तो सुटला.

मग मी माझ्या पद्धतीनं शिकले. सकाळचा चहा पोटात गेला की बाळ जागं व्हायचं. मी वर्गात फळ्यावर लिहायला वळले की डाव्या बाजूला ढकलायचं. आणि सगळ्यात मोठी गंमत कूलरची. दुपारी घरी येऊन मी कूलरचं बटण दाबलं, पंखा घरघरला, की आतून एक सणसणीत लाथ. रोज. न चुकता. बापाच्या धंद्याची ओळख आतापासूनच आहे, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं आणि त्याचा हात तिथं नेऊन ठेवला. लाथ बसली तेव्हा तो हसला, पण त्याची नजर कपाटाकडे गेली ते मला दिसलं. भीती जाते कुठे. ती माझीही गेली नव्हती. फक्त मी ती डब्यात ठेवायला तयार नव्हते.

एकटे असलो की मी त्याला तू म्हणते, चारचौघांत तुम्ही. हे मध्येच सांगते कारण पुढे ते लागणार आहे.

आमच्याकडे ओटीभरण नवव्या महिन्यात करतात. पाच सवाष्णींनी ओटी भरायची आणि पाचही जणींची भरून होईपर्यंत बाईनं जागेवरून उठायचं नाही. मागच्या खेपेला तिथपर्यंत पोचलोच नव्हतो, त्यामुळे या वेळी सासूबाईंनी हौसेला काही कमी ठेवलं नाही. नणंद आदल्या दिवशीच रामटेकहून आली, येताना घरच्या शेतातला तांदूळ घेऊन आली, कारण ओटीला विकतचा तांदूळ तिच्या मनाला पटत नाही. कामठीहून माझी मोठी मावशी आली. अंगणात हिरवं कापड बांधलं, खुर्ची फुलांनी सजवली, पेढा आणि बर्फीच्या दोन वाट्या झाकून ठेवल्या, पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. मे महिना, अंगणात पाय ठेवला तर चटका. दोन मोठे कूलर दुकानातून आणून लावले होते.

त्या दिवशी सकाळी चहा प्यायले आणि पोटात काहीच झालं नाही.

लगेच घाबरले नाही. गडबडीत आपलं लक्ष नसेल म्हटलं. डाव्या कुशीवर पडले, गार पाणी प्यायले, गूळ खाल्ला. बऱ्याच वेळानं कुठं आत पाण्यात बोट फिरवल्यासारखं काहीतरी झालं, लाथ म्हणावी असं ते नव्हतंच. मग मी उठले आणि कूलरचं बटण दाबलं. पंखा घरघरत राहिला. मी पोटावर हात ठेवून उभी होते. काही नाही.

नवऱ्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, आज हलत नाहीये नीट, आत्ता दवाखान्यात चल. त्याचा चेहरा उतरला. पण बाहेर मांडव, पाहुणे, आई, बहीण. तो दारात अडकल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, बाळ झोपलं असेल, एवढा कार्यक्रम होऊ दे, संपला की पहिलं काम तेच करू. मी म्हटलं, नाही, आत्ता. तेवढ्यात नणंद हिरवी साडी घेऊन आत आली. तिनं ऐकलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “अवं वहिनी, पहिलटकरणीवाणी काहून घाबरून राहिली तू?” मला साडी नेसवली, फुलांचे दागिने बांधले. साडी बदलताना कमरेची किल्ली पलंगावर राहिली. मला तिचं भानही नव्हतं. मी मनात ठरवत होते की पाच ओट्यांना वेळ तो किती लागणार, संपलं की मी स्वतः रिक्षा करून जाईन. मला खुर्चीत नेऊन बसवलं.

पहिलीनं ओटी भरली, दुसरीनं भरली, तिसरीनं भरली. माझ्या पदरात तांदूळ, नारळ, खण. मी तोंडावर हसू धरून बसले होते आणि सगळं लक्ष पोटात. चौथी पाळी नणंदेची. ती आली ती तांदळाऐवजी ते यंत्र घेऊन. मागे दारात नवरा, हातात त्याच्या दुकानातला स्पीकर. त्यानं यंत्राची वायर स्पीकरला जोडून दिली होती. सगळ्यांना एकदा ऐकवू आणि वहिनीचीही शंका फिटेल, असं नणंदेनं बायांना सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा हेतू वाईट नव्हता. त्याचाही नव्हता. मला न विचारता माझं कपाट उघडलं होतं, एवढंच.

मी नको म्हणेपर्यंत तिनं निऱ्या जरा खाली करून दांडा टेकवलाही. खरखर झाली, आणि मग अंगणभर ठोका घुमला. धडधड, धडधड. स्पष्ट, मोठा. नवऱ्यानं डोळे मिटले आणि भिंतीला टेकला. सासूबाईंनी देवघराकडे तोंड करून हात जोडले. माझी कामठीची मावशी पुढे वाकली, कान देऊन ऐकलं आणि आनंदानं म्हणाली की आज ठोके जरा हळू पडतात, म्हणजे मुलगाच. काकू तर उभ्याच राहिल्या. कुणीतरी पेढ्याची वाटी उघडली. बायकांनी मला बघून कानशिलावर बोटं मोडली.

मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटेना. रोज दौडत येणारा घोडा हा नव्हता. हा जड होता, धापा टाकत जिना चढणाऱ्या माणसासारखा. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मलाही तशीच धाप लागलीय. डॉक्टर बाईंचं बोलणं आठवलं. मी हिरवा चुडा कोपरापर्यंत वर सारला आणि मनगटावर बोटं दाबली. स्पीकरमधून ठोका आला, माझ्या बोटाखाली ठोका आला. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. एकही मागेपुढे नाही.

मी म्हटलं, “हा माझा ठोका आहे.”

कुणाला कळलंच नाही. नणंद हसून म्हणाली की असं कसं होईल, दांडा तर पोटावर ठेवलाय. एवढ्या सगळ्या बायांनी मिळून माझ्याच घाबरलेल्या काळजाला मुलगा ठरवलं होतं, त्याच्या नावानं पेढे वाटायला घेतले होते, आणि माझं बाळ आत गप्प होतं. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो आला ते फार बरं झालं.

मी नवऱ्याला हाक मारली. सगळ्यांच्या देखत. “इकडे ये तू.” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, तू इकडे ये. बायकांमधून वाट काढत तो आला. मी त्याची दोन बोटं धरून माझ्या मनगटावर ठेवली आणि म्हटलं, आता ऐक. तो आवाजाचा माणूस. त्याला चार ठोक्यांपेक्षा जास्त लागले नाहीत. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग माझ्या डोळ्यांसमोर उतरला.

“पंखा फिरून राहिला फक्त,” मी म्हटलं. “पाणी वर नाही चढून राहिलं. कूलरचा आवाज आला म्हणजे गारवा आला का, सांग मले.”

त्यानं स्पीकरची पिन ओढून काढली. अंगणात एकदम शांत झालं, आमचेच दोन कूलर तेवढे घरघरत होते.

मी उठले. मावशी म्हणाली, “अर्ध्या ओटीवरून उठू नको वं पोरी, अपशकुन होते. दोघीजणीच राहिल्या.” तिनं माझा हात धरला होता. प्रेमानंच धरला होता. मी तो सोडवला आणि म्हणाले, “मागच्या खेपेले सगळे शकुन पाळले होते, मावशी. एकही मोडला नव्हता.” ग्रहणात चिरलं नव्हतं, कातरवेळी उंबऱ्यात बसले नव्हते, पपई पाहिली तरी तोंड फिरवलं होतं. काय मिळालं, ते त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

पदरातला तांदूळ सांडायला लागला. तेव्हा सासूबाई पुढे आल्या. मला वाटलं आता या अडवतील, आणि अडवलं असतं तर मी त्यांनाही बोलले असते, मग पुढे जे व्हायचं ते झालं असतं. त्यांनी माझ्या पदराची गाठ मारली, तांदूळ आत बांधला, आणि खाली वाकून माझ्या चपला माझ्या सुजलेल्या पायांसमोर सरळ करून ठेवल्या. सुनेच्या चपलांना त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. “जा,” एवढंच म्हणाल्या.

काकूंच्या मुलाच्या गाडीतून निघालो. मी वाटेत फुलांचे दागिने काढून खाली टाकत होते, त्यांचा वास सहन होत नव्हता. नवऱ्याची बोटं माझ्या मनगटावर होती ती दवाखाना येईपर्यंत त्यानं उचलली नाहीत.

तिथं त्यांनी पोटाला पट्टे बांधले आणि मोठ्या मशीनवर ठोका लावला. घोडा सापडला. खरा घोडा, दौडणारा. नवऱ्यानं तिथंच खाली बसकण मारली आणि म्हणाला, आहे, आहे ना. मीही श्वास सोडला. पण डॉक्टर बाई मशीनमधून येणाऱ्या कागदाकडे बघत उभ्या होत्या, हसत नव्हत्या. ठोका आहे, म्हणाल्या, पण एकाच सुरात चाललाय, हालचालीबरोबर वरखाली व्हायला हवा तो होत नाही. बाळ थकलंय. नाळेवाटे वारेतून त्याला पुरेसं पोषण पोचत नाहीये. आता थांबायचं नाही. म्हणजे घरच्या यंत्राला त्या दिवशी माझ्याऐवजी बाळाचा ठोका सापडला असता तरीही आम्ही मिठाईच वाटत बसलो असतो.

ऊन उतरायच्या आत माझं सिझेरियन झालं. मुलगी. एवढीशी, पायांना मांस नाही, पण आवाज असा काढला की ऑपरेशनच्या खोलीतल्या सगळ्यांनी मान वर केली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नवरा पेटीपाशी उभा राहून बघायचा आणि परत येऊन माझ्या पायाशी बसायचा. एकदा बसल्या बसल्या म्हणाला, “पंपच थकला होता.” मी म्हटलं, हो. तो पुढे म्हणाला, “मी पंखा ऐकत बसलो.” त्याला समजवायची माझ्यात ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. तरी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मुलगी घरी आली तेव्हा ते यंत्र बाहेरच्या खोलीत टीव्हीजवळ तसंच पडलेलं होतं, जेल वाळून चिकटलेलं. थोड्याच दिवसांत काकूंनी ते मागितलं. त्यांच्या सुनेला सातवा लागला होता, आणि तुमच्याकडे नुसतं पडूनच आहे म्हणाल्या. मी दिलं नाही. सुनेला पाठवा म्हटलं. ती आली, वीस-बावीस वर्षांची पोर, गोंदियाकडची. मी तिला विचारलं, हलतं का? तिनं आधी दाराकडे पाहिलं, आणि मग असं बोलायला लागली की थांबेना. कुकरची शिट्टी झाली की दचकतं, तिखट खाल्लं की उड्या मारतं, ती उजव्या कुशीवर झोपली की रुसतं. मी तिला सांगितलं, ज्या दिवशी हे कमी वाटेल त्या दिवशी कुणाची परवानगी मागू नको, मला हाक मार, मी येते तुझ्याबरोबर. काकू नाराज झाल्या. होऊ देत. ते यंत्र नवऱ्यानं खोलून त्याचे सुटे भाग दुकानातल्या भंगाराच्या टोपल्यात टाकले.

आता तुम्हाला वाटेल की घरादारानं माझी पाठ थोपटली असेल. छे. बाळंतिणीला बघायला येणाऱ्या बायांनी एक वेगळीच गोष्ट तयार केली होती. मी अर्ध्या ओटीवरून उठले, म्हणून मुलगी दिवस भरायच्या आधी झाली. म्हणून काचेत ठेवावी लागली. एवढंसं वजन, ते त्यामुळेच. मी एकीला कागदावर काय दिसलं ते समजावलं, दुसरीला समजावलं, तिसरीला चहाही विचारला नाही.

बारशाला त्याच बाया आल्या, त्याच अंगणात. सासूबाईंनी माझ्या पदराच्या गाठीतला तो तांदूळ डब्यात नीट ठेवला होता. नणंदेनं आल्याबरोबर मला बाजूला घेतलं. पलंगावरची किल्ली मी उचलली, म्हणाली, तू मले माफ कर नको करू, पण मी उचलली. मी तिच्या हातात मुलगी दिली. मग ती म्हणाली, राहिलेल्या दोन ओट्या आज भरून टाकू, म्हणजे मागचं अर्धवट राहणार नाही. मी नाही म्हटलं. ती ओटी तेवढीच भरायची होती. तो तांदूळ मी बारशाच्या जेवणाला शिजवायला दिला.

पाळण्याची दोरी मावशीच्या हातात होती. तिनं मुलीला निरखून बघितलं, गालाला बोट लावलं आणि हळहळून म्हणाली, “पोरगी गोड आहे बाप्पा. पण तू तवा उठली नसती तं पूर्ण दिवसाची झाली असती.”

मी तोंड उघडलंच होतं. पण पाळण्याच्या पलीकडे सासूबाई भाताचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, मावशीच्या हातातून दोरी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“उठली नसती तं आज आपण कोणाच्या बारशाले आलो असतो?”

आणि पाळणा हलवायला लागल्या.